बूट रंगवणारीचं नाव

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते ती आमच्या विश्रांतवाडीवरून. इथली पोरं हल्ली पांढरे कापडी बूट घरीच रंगवतात. आम्हाला मात्र हे काम जुनंच वाटतं.

१८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ केलं. त्यातून पुढे रबरी तळाचे कापडी बूट निघाले. १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभं राहिलं आणि आपल्याकडेही हे बूट शाळेच्या कवायतीत आले. ते पांढरेशुभ्र ठेवायचे कुणी? आईनं. धुवायचे, ओलसर असतानाच खडू फासायचा, उन्हात ठेवायचे. या कामाला ना मोल होतं, ना नाव.

आता त्याच बुटांवर वारली चित्रं काढतात. डहाणूकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहायच्या त्या सुवासिनी. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुठे आहेत?

म्हणून गटातून बूट रंगवाल तेव्हा ते धुऊन कोरडे करा, अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ थर द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. आणि किमतीच्या चिठ्ठीवर कला कुठली आणि रंगवणारी कोण, हे जरूर लिहा.