गाडी ओढत नाही: काकांचा बीएस-६ ट्रक आणि १९९८ सालचं प्रकरण

मागच्या भागात मी रेल्वेवर बोलू म्हटलं होतं, पण मध्येच काकांचा ट्रक अडला. त्यामुळे रेल्वे पुढच्या वेळी.

झालं असं, निफाड तालुक्यातल्या माझ्या काकांनी दिवाळीनंतर एक सेकंड-हँड ट्रक घेतला. २०२१ चं मॉडेल, बीएस-६, टायर चांगले, रंग झकास. काम काय, तर कांदा भरायचा आणि १८ किलोमीटरवर पिंपळगावच्या बाजार समितीत न्यायचा. दीड महिन्यात पिवळा दिवा लागला. मग गाडी ओढेना. आणि एका सकाळी स्टार्ट केली तर २० च्या वर जायलाच तयार नाही! मागे भरलेला कांदा, पुढे लिलावाची वेळ. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं १ लाख ८५ हजार. वर फिटर म्हणतो, "इंजिन एकदम ओके आहे." काकांना राग आला तो याचाच. इंजिन ओके, मग पैसे कशाचे? तर सायलेन्सरचे.

आता हा सायलेन्सर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा राहिलेला नाही. त्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. अडकलेली काजळी जळायला धूर चांगलाच तापावा लागतो, म्हणजे गाडी सलग पळावी लागते. बाजार समितीच्या रांगेत तासभर घुरघुरत उभी राहिली की काजळी साठतच जाते. शिवाय स्वस्तातलं चुकीचं ऑइल टाकलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते, आणि राख जळत नाही. फिल्टरच्या पुढे युरियाचा फवारा. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं, म्हणजे नॉक्सचं, त्याने साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. आधीच्या मालकाने म्हणे युरियात पाणी मिसळलं होतं. त्याचे खडे होऊन नोझल बसलं, आणि नॉक्स सेन्सरने चुगली केली.

पण चुगली करणारा सेन्सर गाडीत आला कुठून? हा खरा आजचा विषय.

त्यासाठी अमेरिकेत जाऊ. १९९० च्या दशकात तिथल्या ट्रकच्या इंजिनांत डिझेल कधी फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवायला लागला. सरकारी चाचणी मात्र ठरलेल्या पद्धतीने, ठरावीक क्रमाने व्हायची. झालं, सॉफ्टवेअरवाल्यांना एवढं पुरे! (आमची जमात, काय सांगू.) गाडी हायवेवर सलग एका वेगात चालली आहे असं दिसलं की प्रोग्रॅम फवाऱ्याची वेळ बदलायचा. डिझेल वाचायचं, नॉक्स वाढायचा. ऑक्टोबर १९९८ मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉईट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्वो या सात कंपन्यांनी सरकारशी तडजोड केली. सुमारे १३ लाख इंजिनं, ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड, आणि २००४ चे निकष ऑक्टोबर २००२ मध्येच गाठायची अट. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल कारमध्ये हेच पुन्हा सापडलं.

म्हणजे कंपनीवर विश्वास उरला नाही. मग ड्रायव्हरवर तरी ठेवावा का? युरोपात २००५ च्या सुमाराला युरियावाले ट्रक आले, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली: युरिया नाही टाकला तरी इंजिन मस्त चालतं. त्याचा फायदा हवेला, खर्च मालकाला. मग कोण टाकणार? म्हणून नियमच केला की युरिया संपला की गाडीने स्वतःची ताकद कमी करायची. युरो-६ मध्ये त्याच्या पायऱ्या ठरल्या. आधी टॉर्क २५ टक्के कमी, तरी ऐकलं नाही तर वेग ताशी २० किलोमीटर. आपलं बीएस-६ त्याच साच्यातलं. काकांचे ते २० किलोमीटर तिथून आले!

भारतात हे आलं कसं? आपल्या गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये अहवाल दिला, त्यावरून २००३ चं वाहन-इंधन धोरण झालं. आधी मोठी शहरं, मग देश, अशी पायरीपायरीने चाल. २००० साली आपल्या डिझेलमध्ये २,५०० पीपीएम गंधक चालायचं. त्यावर असे फिल्टर टिकलेच नसते. बीएस-४ ला ते ५० वर आलं, बीएस-६ ला १०. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने बीएस-५ गाळून थेट ६ वर उडी मारायचं जाहीर केलं, आणि १ एप्रिल २०२० पासून ते देशभर लागू झालं. हवेसाठी उडी बरोबरच होती, याबद्दल मला शंका नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळे निकष नव्या गाडीला लागतात. गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली की उरते पीयूसी, आणि डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा बघतात, नॉक्स नाही. २००३ च्या धोरणात वापरातल्या गाड्या होत्या, पीयूसी सुधारायची होती. पण जोर सगळा नव्या गाड्यांवरच राहिला. त्यामुळे युरियात पाणी घालणारा सुटतो, आणि गाडीचा कॉम्प्युटर पकडतो त्याच्यानंतरच्याला.

गॅरेजवाल्याने काकांना दुसरा रस्ता दाखवला होताच. २५ हजारांत "सगळं काढून टाकतो", म्हणजे फिल्टर पोकळ आणि कॉम्प्युटरला गप्प करणारं सॉफ्टवेअर. काका मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग." मी म्हटलं, "काका, नका करू. १९९८ मध्ये कंपन्यांनी केलं तेच आहे हे." ते म्हणाले, "त्यांना दंड झाला बाबा, मला हप्ता आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे माझे जात नव्हते, त्यामुळे मला नाही म्हणणं सोपं होतं.

शेवटी फिल्टर काढून साफ करून घेतला, नवीन टाकला नाही. सेन्सर आणि नोझल बदललं, टाकी धुतली. ९२ हजार. त्यातले ३० मी दिले, काकूंना न सांगता. (काकू पॉडकास्ट ऐकत नाहीत.) तुम्ही जुना बीएस-६ घेत असाल तर टायर नंतर बघा. आधी स्कॅनर लावून फिल्टर किती भरलाय आणि जुने एरर कोणते ते वाचून घ्या, आणि कोणीतरी आदल्या दिवशी एरर पुसलेत का तेही विचारा.

आता दर रविवारी काका रिकामा ट्रक घेऊन मुंबई-आग्रा हायवेने चांदवडपर्यंत सलग वेगात जाऊन येतात, काजळी जाळायला. परवा फोनवर म्हणाले, "हवा साफ ठेवायला डिझेल जाळतोय मी." आणि येताना चांदवडहून पेढे आणले म्हणाले.