चौथी आवृत्ति कीं पांचवी?

गेल्या दिवाळींत फराळाचें ताट पुढें असतांना माझ्या भाच्यानें मला एक प्रश्न विचारला. "मामा, तुम्ही इतिहास वाचणारे. मेटाट्रेडरची चौथी आवृत्ति घेऊं कीं पांचवी?" मेटाट्रेडर म्हणजे घरच्या संगणकावरून अथवा हातांतल्या मोबाइलवरून परदेशी चलनांचे सौदे करण्याची सोय; हल्लीं सारे तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. चौथी आवृत्ति 2005 सालची, पांचवी 2010 सालची. पांचवी अधिक वेगवान व अधिक सोयींची, असें तिचे कर्तेच सांगतात. तरीहि भाच्याला भेटलेला जो तो चौथीचीच भलावण करी. हें काय गौडबंगाल आहे, अशी त्याची पृच्छा. तो प्रश्न दोन लाख रुपयांचा होता, आणि ते दोन लाख घराच्या पहिल्या हप्त्यासाठीं साठविलेले होते, हें मला त्याच्या आईकडून मागाहून कळलें. मीं आठवड्याची मुदत मागून घेतली. त्या आठवड्यांत जें वाचलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

परदेशी चलनाच्या भावाला आपल्याकडे जुना शब्द आहे : हुंडणावळ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तो चांगलाच परिचित होता. एका रुपयास किती शिलिंग नि किती पेन्स मिळावे, ह्यावरून मुंबईचे व्यापारी आणि सरकार ह्यांच्यांत जो कडाक्याचा वाद झाला, तो 1927 च्या कायद्यानें एक शिलिंग सहा पेन्स हा भाव ठरल्यावरहि शमला नाहीं. रुपयाच्या प्रश्नावरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचा इंग्रजी ग्रंथ 1923 सालीं लंडनला प्रसिद्ध झाला, तो ह्याच चलनविषयक चर्चेच्या काळांत. परंतु ह्या साऱ्या प्रकरणांत पांढरपेशा गृहस्थाचें काम वर्तमानपत्र वाचण्यापुरतें होतें. हुंडणावळीवर तो तावातावानें बोले; तिच्यावर सौदा मात्र करीत नसे. सप्टेंबर 1939 मध्यें महायुद्धाबरोबर विनिमयनियंत्रण आलें, 1947 सालीं त्याचा स्वतंत्र कायदा झाला, आणि जें दार त्याच्यासाठीं कधीं उघडलेंच नव्हतें त्याला कुलूपहि लागलें.

बाहेरच्या जगांतहि सामान्य माणसास ह्या बाजारांत फारसा शिरकाव नव्हता. 1944 सालीं अमेरिकेंत ब्रेटन वुड्स येथें झालेल्या परिषदेनें निरनिराळीं चलनें डॉलरशीं, आणि डॉलर औंसाला 35 ह्या भावानें सोन्याशीं, बांधून टाकला. भाव हलतच नसेल तर सट्टा कशाचा करावयाचा? 15 ऑगस्ट 1971 रोजीं अध्यक्ष निक्सन ह्यांनीं सोन्याची ती गांठ सोडली, आणि मार्च 1973 पासून प्रमुख चलनें तरंगूं लागलीं. त्याच वर्षीं रॉयटर्सनें बँकांना भाव दाखविणारे पडदे पुरविले. 1981 पासून पडद्यावरूनच सौदाहि ठरवितां येऊं लागला. तोंवर सारा व्यवहार टेलिफोन आणि टेलेक्स ह्यांवर चाले. पण हे पडदे बँकांच्या आणि मोठ्या पेढ्यांच्या कचेऱ्यांत होते, कोणाच्या माजघरांत नव्हते.

माजघरांत ते इंटरनेटनें आणले. 1996 सालीं ओआंडा ही कंपनी निघाली. 2001 पासून तिनें किरकोळ गिऱ्हाइकांस संगणकावर सौदे करूं दिले. जपाननें 1 एप्रिल 1998 पासून आपला विनिमयाचा कायदा सैल केला, आणि तेथील गृहिणी शिल्लक टाकलेल्या येनांवर परदेशी चलनांचे सौदे करूं लागल्या. इतक्या कीं जगाच्या बाजारांत ह्या घरगुती सटोडियांना 'मिसेस वातानाबे' असें सरसकट नांव पडलें. आपल्याकडे 'कुलकर्णीकाकू' म्हणावें तसें. येथें एक हिशेब ध्यानांत ठेवला पाहिजे. गिऱ्हाईक सौद्याची सारी रक्कम भरीत नाहीं. थोडी अनामत ठेवतो, तिला मार्जिन म्हणतात. शंभरास एक ह्या प्रमाणांत 1,000 डॉलर ठेवणारा 1,00,000 डॉलरांचा सौदा करतो. भाव त्याच्याविरुद्ध शेंकडा एकानें हलला कीं अनामत साफ! आणि शेंकडा एकानें भाव हलणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे.

आतां मेटाट्रेडरकडे वळूं. रेनात फतखुलिन ह्या रशियन गृहस्थाच्या नेतृत्वाखालीं 2000 सालीं निघालेल्या मेटाकोट्स ह्या कंपनीची ही निर्मिति. ही कंपनी स्वतः दलाल नव्हे. ती आपला प्लॅटफॉर्म दलालांना परवान्यानें देते, दलाल तो गिऱ्हाइकांस फुकट देतात. म्हणजे वापरणारा एक, पैसे मोजणारा दुसरा. आणि कोणतीहि वस्तु पैसे मोजणाराच्या सोयीनेंच आधीं घडते. तरी 2005 ची चौथी आवृत्ति गिऱ्हाइकांनाहि मनापासून आवडली, ह्यांत शंका नाहीं. ती हलकी होती, सामान्य संगणकावर चाले, आणि तिच्यांत एमक्यूएल-4 नांवाची एक छोटी संगणकभाषा होती. त्या भाषेंत आपला आडाखा लिहून ठेवावा, आणि संगणकानें रात्रंदिवस त्याबरहुकूम खरेदी-विक्री करावी. ह्या लिखित आडाख्यांना 'एक्स्पर्ट अ‍ॅडव्हायझर' असें भारदस्त नांव मिळालें. शिक्षक, इंजिनियर, निवृत्त कारकून अशा नाना तऱ्हेच्या लोकांनीं असे हजारों आडाखे लिहिले, एकमेकांस दिले, विकले.

अशा स्थितींत 2010 सालीं पांचवी आवृत्ति आली. गुणांनीं ती सरस होती, हें मान्य करावेंच लागेल. चौथींत भावाचे आलेख 9 कालमापांत दिसत, पांचवींत 21. चौथींत पुढच्या भावाचा हुकूम नोंदविण्याचे 4 प्रकार, पांचवींत 6. आडाखा जुन्या भावांवर चालवून पाहण्याची जी परीक्षा असते, ती पांचवींत कित्येक पटींनीं लवकर होई, आणि एकाच वेळीं अनेक चलनांवर घेतां येई. चलनांखेरीज शेअरबाजाराचे व वायद्यांचे सौदेहि तींत बसत. एवढें सारें असून लोक चौथी सोडीनात.

ह्याचें पहिलें कारण उघड आहे. एमक्यूएल-4 मध्यें लिहिलेला आडाखा पांचवींत चालत नसे. तो पुन्हा लिहावा लागे. मोडीचीं दप्तरें ज्या घरांत आहेत त्या घराला, उद्यांपासून मोडी बंद, असें सांगण्यासारखें तें होतें.

दुसरें कारण मला अधिक उद्बोधक वाटतें, कारण तें हिशेब लिहिण्याच्या पद्धतीचें आहे. समजा, सकाळीं 10,000 युरो खरेदी केले आणि दुपारीं 10,000 युरो विकले. चौथी आवृत्ति हे दोन स्वतंत्र सौदे मानी. दोन्ही उघडे ठेवतां येत, आणि कोणता केव्हां मिटवावयाचा हें आपल्या मर्जीवर. पांचवी म्हणे, आले तितके गेले, शिल्लक शून्य. आपल्या पेढीच्या भाषेंत बोलावयाचें तर चौथी रोजकीर्द दाखवी आणि पांचवी खतावणीची बाकी. अमेरिकेंत नॅशनल फ्यूचर्स असोसिएशननें 2009 सालीं चलनाच्या किरकोळ सौद्यांत असें दोन्ही डगरींवर हात ठेवणें बंदच केलें होतें. शेअरबाजारांतहि हिशेब बाकीनेंच होतो. तेव्हां नवी पद्धति अधिक शास्त्रशुद्ध होती. खरें सांगावयाचें तर एकाच चलनाची खरेदी नि विक्री एकदम उघडी ठेवून हातीं निव्वळ कांहींच राहत नाहीं. खरेदी-विक्रीच्या भावांतलें अंतर दोनदां भरावें लागतें आणि रात्रीच्या व्याजाचा हिशेबहि दोन्ही बाजूंनीं लागतो. मग लोकांना तें कां हवें होतें? मला वाटतें, उघड्या सौद्यांतला तोटा अजून तोटा झालेला नसतो, अशी मनाची समजूत घालतां येते म्हणून. खतावणी ही समजूत टिकूं देत नाहीं. माणसाला खरा आंकडा नको असतो असें नव्हे. तो आजच नको असतो.

कंपनीनें बराच काळ धीर धरला, आणि अखेर तडजोड केली. 2014 सालीं जुनी भाषा नवीच्या वळणावर आणली; 2016 सालीं पांचव्या आवृत्तींत दोन्ही डगरींची जुनी सोय पुन्हा दिली. ज्या नव्या पद्धतीसाठीं हट्ट धरला, तिच्या शेजारीं जुनी बसविल्यावरच नव्याचें पाऊल पुढें पडलें. पुढें नव्या दलालांस चौथी विकणें बंद झालें, तरी जुन्या परवान्यांवर ती अनेक ठिकाणीं चालूच राहिली. मध्यंतरीं सप्टेंबर 2022 मध्यें अ‍ॅपलनें आपल्या दुकानांतून दोन्ही आवृत्त्या काढून टाकल्या आणि मार्च 2023 मध्यें परत घेतल्या. त्या वेळीं मात्र जुनी-नवी असा भेदभाव झाला नाहीं.

तेव्हां भाच्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावयाचें तर असें : ज्याच्यापाशीं वर्षानुवर्षें पारखलेले जुने आडाखे आहेत, त्यानें ते नीट उतरवून होईतों चौथी सोडूं नये, ज्याची पाटी कोरी आहे त्याला चौथी घेण्याचें कांहींच कारण नाहीं. उत्तर येथें संपलें असतें, तर मीं आपला एवढा वेळ घेतला नसता.

परंतु वाचतां वाचतां 15 जानेवारी 2015 ह्या तारखेशीं मी अडखळलों. सप्टेंबर 2011 पासून स्विस मध्यवर्ती बँकेनें एका युरोस 1.20 फ्रँकपेक्षां कमी भाव येऊं द्यावयाचा नाहीं, असें धोरण ठेविलें होतें. त्या दिवशीं सकाळीं पूर्वसूचना न देतां तिनें तें सोडलें, आणि कांहीं मिनिटांत फ्रँक कधीं चढला नव्हता असा चढला. 'भाव अमुक झाला कीं सौदा तोडा' असे हुकूम हजारोंनीं नोंदविलेले होते. पण तोडण्यास तो भावच मिळेना. गिऱ्हाइकांच्या अनामती बुडाल्याच, वर देणें उरलें. एफएक्ससीएम ह्या मोठ्या दलालाच्या गिऱ्हाइकांकडे 22.5 कोटि डॉलर असे उणे निघाले, आणि तिला 30 कोटि डॉलरांचें कर्ज काढून जीव वांचवावा लागला. अल्पारीची ब्रिटिश शाखा बुडालीच. त्या सकाळीं कोणाच्या पडद्यावर चौथी होती नि कोणाच्या पांचवी, ह्यानें काय फरक पडला असेल? पडदा ही खिडकी आहे. खिडकीपलीकडे कोण बसलें आहे हा प्रश्न निराळा, आणि तो फारसा कोणी विचारीत नाहीं. पुष्कळ वेळां पलीकडे दलाल स्वतःच बसलेला असतो : आपण घेतलें तें त्यानेंच विकलेलें, म्हणजे आपला तोटा तोच त्याचा नफा. आपण असें करीत नाहीं, असें गिऱ्हाइकांस सांगून प्रत्यक्षांत दुसऱ्या बाजूच्या नफ्यांत वांटा ठेवल्याबद्दल त्याच एफएक्ससीएमवर 2017 सालीं अमेरिकन नियामकांनीं कारवाई केली, आणि तिला तो देश सोडावा लागला. युरोपच्या नियामक संस्थेनें 2018 सालीं अनामतीवरील सौद्यांस तीसास एक अशी मर्यादा घातली, तेव्हां असें सांगितलें कीं अशा किरकोळ खात्यांपैकीं शेंकडा 74 ते 89 खातीं तोट्यांत जातात.

आणि आपल्या देशांत तर ह्या सर्वांआधींचा एक प्रश्न आहे. 1999 च्या विदेशी विनिमय कायद्याप्रमाणें आपण परदेशी चलनाचा सौदा अधिकृत व्यक्तीशींच, आणि कायद्यानें मान्य केलेल्या कारणासाठींच करूं शकतों. चलनाचे वायदे आहेत. 29 ऑगस्ट 2008 रोजीं मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजारांत डॉलर-रुपयाच्या, प्रत्येकीं 1,000 डॉलरांच्या करारांनीं त्यांचा आरंभ झाला. पण त्याचें दारहि सर्रास उघडें नाहीं : रुपयाशीं जोडलेला वायदा करणाऱ्यास त्या चलनाचें खरें देणें-घेणें असावें, हें रिझर्व्ह बँकेनें 2024 सालीं पुन्हा बजावलें, आणि त्यानंतर त्या बाजारांतील उलाढाल एकदम ओसरली. परदेशांतील दलालाकडे मार्जिन भरण्यासाठीं पैसे पाठविण्यास मुळींच मुभा नाहीं. 7 सप्टेंबर 2022 रोजीं बँकेनें अनधिकृत प्लॅटफॉर्मांची 34 नांवांची यादी प्रसिद्ध केली; ती पुढें वाढतच गेली.

आठवड्यानें भाचा आला, तेव्हां मीं ती यादी त्याच्यापुढें ठेविली. त्याच्या दलालाचें नांव तींत नव्हतें. त्याचा चेहरा खुलला. मग मीं यादीसोबतचा खुलासा दाखविला, कीं यादींत नांव नसणें म्हणजे अधिकृत असणें नव्हे. आणि अधिकृतांची दुसरी यादी उघडली. तींतहि तें नांव नव्हतें. "अरे, पैसे भरावयाचे कोठें?" मीं विचारलें. त्यानें मोबाइल काढून दाखविलें : एका अनोळखी इसमाचें खातें, गुजराथेंतल्या कोणत्याशा बँकेंतलें. तें वाचतांना तो स्वतःच थांबला.

दोन लाख अद्यापि त्याच्या बँकेंत आहेत. पांचव्या आवृत्तीचें सरावाचें खातें मात्र त्यानें उघडलें आहे, आणि त्यांतले दहा हजार कल्पित डॉलर तीन आठवड्यांत कसे गेले, हें तो आम्हांला मोठ्या चवीनें सांगत असतो.