गेशा : पनामाच्या एका मळ्यातील दुर्मीळ कॉफी

पनामा म्हटले की आठवतो तो दोन महासागरांना जोडणारा कालवा. या छोट्याशा देशाचा पश्चिम भाग मात्र कालव्यापासून बराच दूर, कोस्टारिकाच्या सीमेलगत, डोंगराळ आणि थंड हवेचा आहे. चिरीकी नावाच्या या प्रांतात बारू हा ३,४७४ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच असलेल्या या शिखरावरून आकाश निरभ्र असेल तर दोन्ही महासागर दिसतात. त्याच्या पूर्व उतारावर बोकेते हे गाव वसले असून गावाच्या परिसरात ‘हासिएंदा ला एस्मेराल्दा’ हा मळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या पनामाच्या वार्षिक लिलावात या मळ्यातील गेशा जातीच्या २० किलो कॉफीला किलोमागे ३०,२०४ डॉलर एवढी बोली लागली. त्या वेळच्या विनिमय दराने हा भाव किलोला सुमारे २६ लाख रुपये होतो. कॉफीच्या लिलावातील तो विक्रमच ठरला.

बाजारात मिळणारी बहुतेक कॉफी अनेक मळ्यांच्या, बहुधा अनेक देशांच्याही, दाण्यांचे मिश्रण असते. वर्षभर एकच चव देता यावी, हा त्यामागचा हेतू असतो. एका मळ्याच्या, म्हणजे ‘सिंगल इस्टेट’ कॉफीची रीत याच्या उलट आहे. तेथे एकाच मळ्यातील, कित्येकदा त्यातील एकाच तुकड्यातील आणि एकाच तोड्यातील फळे शेवटपर्यंत निराळी ठेवली जातात. प्रशिक्षित परीक्षकांनी १०० पैकी ८० अथवा अधिक गुण दिले, तर त्या कॉफीला ‘स्पेशालिटी’ म्हणण्याचा प्रघात आहे. एस्मेराल्दाच्या गेशाचे गुण नव्वदीच्या पुढे असतात. परंतु तिचे वैशिष्ट्य गुणांच्या आकड्यापेक्षा तिच्या इतिहासात अधिक आहे. ही कॉफी त्या मळ्यात कित्येक वर्षे होती, पण इतर दाण्यांत मिसळून जात असल्याने कोणालाही तिची ओळख नव्हती.

या झाडाचा उगम इथिओपियाचा. त्या देशाच्या नैऋत्येकडील रानांत कॉफीची झाडे आपोआप वाढतात. १९३०च्या दशकात तेथून बियाणे गोळा करण्यात आले आणि गेशा या भागाचेच नाव त्याला पडले. जपानी गेशांशी या नावाचा काहीही संबंध नाही. रोमन लिपीतील लेखनाच्या साधर्म्यामुळे तो गैरसमज मात्र जगभर पसरला आहे. हे बियाणे टांझानियातील ल्यामुंगू संशोधन केंद्रात गेले आणि तेथून १९५३ मध्ये कोस्टारिकातील तुरियाल्बा येथील केंद्रात पोहोचले. तेथील नोंदवहीत त्याला टी-२७२२ असा क्रमांक मिळाला. संशोधकांना त्यात रस होता तो तांबेरा रोगाला तोंड देण्याच्या गुणामुळे. चवीचा विचार त्या काळी कोणी केला नव्हता. तांबेऱ्याचा धसका मोठा होता आणि तो रास्तही होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच रोगाने श्रीलंकेतील कॉफीची शेती उद्ध्वस्त केली आणि त्या मळ्यांच्या जागी चहा आला.

१९६०च्या दशकात गेशाची रोपे पनामातील शेतकऱ्यांना वाटण्यात आली. त्यांनी ती लावली खरी, पण या झाडाने त्यांचे मन जिंकले नाही. गेशाचे झाड उंच व किरकोळ अंगाचे असते. फांद्या ठिसूळ, पाने विरळ आणि दोन पेरांमधील अंतर जास्त. कॉफीची फळे पेरांवरच लागत असल्याने पेरे दूर असली की उत्पन्न घटते. त्यातच कमी उंचीवरच्या जमिनीत लावलेल्या गेशाला विशेष चवही येत नसे. साहजिकच बऱ्याच शेतकऱ्यांनी ही झाडे काढून टाकली. काहींच्या बांधावर आणि कोपऱ्यांत ती तशीच राहिली.

एस्मेराल्दा हा मळा १९६७ मध्ये रुडॉल्फ पीटरसन या अमेरिकन बँकरने निवृत्तीनंतरचे आयुष्य घालवण्यासाठी विकत घेतला. आरंभी तेथे मुख्यतः गुरे होती. पुढे त्यांचे पुत्र प्राइस पीटरसन तेथे स्थायिक झाले आणि हळूहळू कॉफीकडे वळले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कुटुंबाने शेजारच्या डोंगरावरील हारामियो नावाची जास्त उंचीवरची जमीन घेतली. तेथे ‘कोंबड्याचा डोळा’ अशा अर्थाचे स्थानिक नाव असलेला एक बुरशीजन्य रोग होता. त्याचे गोल डाग पडून कॉफीची पाने गळत. प्राइस यांचे पुत्र डॅनियल यांच्या लक्षात आले, की बाकीची झाडे रोगाने बोडकी झाली असताना काही उंच, किरकोळ झाडांना मात्र फारशी इजा झालेली नाही. ती झाडे गेशाची होती. तेव्हा त्यांची लागवड वाढवण्यात आली आणि ती १,६५० मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीपर्यंत, नेण्यात आली. यापूर्वी गेशा एवढ्या उंचीवर लावली गेली नव्हती. हा निर्णय सर्वस्वी रोगाच्या भीतीने घेतलेला होता.

खरा कलाटणीचा क्षण २००४ मधला. तोपर्यंत हारामियोचे सर्व दाणे एकत्र केले जात आणि त्या मिश्रणाची चव बरी, पण सामान्यच असे. मात्र कधीतरी एखाद्या पेल्यात लिंबूवर्गी फळांसारखा ताजा सुगंध येई. त्याचा उगम शोधण्यासाठी डॅनियल यांनी मळ्याच्या निरनिराळ्या भागांतील फळे वेगळी तोडून, वेगळी वाळवून, त्यांची चव वेगवेगळी घेतली. तेव्हा तो सारा सुगंध उंचावरच्या गेशाच्या झाडांचा असल्याचे आढळले. त्याच वर्षी ‘बेस्ट ऑफ पनामा’ या स्पर्धेत हा नमुना पाठवण्यात आला. परीक्षकांसमोर मळ्याचे नाव नव्हे, केवळ क्रमांक असतात. मोगऱ्याच्या जातीच्या जाईजुईसारखा दरवळ, बर्गमॉट संत्र्याची झाक आणि चहासारखा हलका बाज असलेली ही कॉफी पनामाची आहे, यावर काहींचा विश्वास बसेना. इतके तिचे इथिओपियाच्या कॉफीशी साम्य होते. ती पहिली आली आणि लिलावात तिला पौंडाला २१ डॉलर मिळाले. या आकड्याचे मोल कळण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. सामान्य कॉफीचा जागतिक भाव तेव्हा पौंडाला एक डॉलरहूनही कमी होता आणि मध्य अमेरिकेतील असंख्य शेतकरी तोट्यात होते. २००७ मध्ये एस्मेराल्दाचा भाव पौंडाला १३० डॉलरवर गेला, तर २०१७ मध्ये ६०१ डॉलरवर.

ही कॉफी तयार करण्यात गुप्त असे काहीच नाही. जे आहे ते वेळ आणि निगुतीचे काम. उंचावर रात्री थंड असतात. बोकेतेत तर ‘बाहारेके’ नावाचा धुक्यासारखा बारीक पाऊस वाऱ्याबरोबर उतारावर झिरपत असतो. अशा हवेत फळ सावकाश पिकते आणि दाण्यात साखर व सुगंधी द्रव्ये साठण्यास अवधी मिळतो. तोडणीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. एका फांदीवर हिरवी, पिवळसर आणि गडद लाल फळे एकाच वेळी असल्याने यंत्राचा उपयोग नाही. पिकलेले तेवढेच फळ हाताने खुडायचे आणि पुढच्या तोड्याला पुन्हा त्याच झाडापाशी यायचे, असे हंगामात अनेकदा करावे लागते. सुमारे पाच ते सहा किलो फळांपासून एक किलो कच्चा दाणा मिळतो.

पुढची प्रक्रिया मुख्यत्वे दोन प्रकारची. ‘वॉश्ड’ प्रकारात फळ आले त्याच दिवशी यंत्राने साल व गर काढतात. दाण्याला चिकटलेला बुळबुळीत थर आंबवून अथवा घासून सोडवतात आणि दाणे स्वच्छ पाण्याने धुतात. आंबण्याचा वेळ हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो. तो थोडा चुकला तरी आंबट वास दाण्यात बसतो आणि नंतर काही केल्या जात नाही. ‘नॅचरल’ प्रकारात अख्खे फळच वाळवतात. जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीच्या मांडवांवर त्याचा पातळ थर पसरून दिवसातून अनेकदा हलवावा लागतो. हे वाळवण दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक चालते. पावसाची सर आली की झाकायचे, ऊन आले की उघडायचे. पापडांच्या वाळवणावर राखण करणाऱ्या गृहिणीला ही दगदग निराळी सांगायला नको. दाण्यातील ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास आला की वाळवण थांबवतात. टरफलासकट काही आठवडे विश्रांती दिल्यावर टरफल काढून आकार, वजन आणि रंग यांनुसार निवड होते. किडलेला, काळा वा फुटका दाणा शेवटी माणसाच्याच नजरेस पडतो.

या सर्व टप्प्यांत प्रत्येक तुकड्याची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. कोणत्या उतारावरची फळे, कोणत्या दिवशी तोडली, कोणत्या मांडवावर वाळली, हे पोत्यावर लिहिलेले असते. एखादी टोपली चुकून दुसऱ्या ढिगात पडली, तर दोन्ही ढिगांची ओळख पुसली जाते. २००४ पूर्वी या मळ्यात नकळत हेच घडत होते.

तोडणीचे काम प्रामुख्याने न्गोबे या आदिवासी समाजातील मजूर करतात. हंगामात ती कुटुंबे आपल्या डोंगराळ प्रदेशातून बोकेतेच्या मळ्यांवर येतात. कोणते फळ आज तोडायचे आणि कोणते चार दिवसांनी, हा निर्णय त्यांच्या बोटांत असतो. लिलावाच्या बातम्यांत मळ्याचे, खरेदीदाराचे आणि परीक्षकांचे नाव येते; या हातांचा उल्लेख क्वचितच असतो. इथिओपियातील ज्या गेशा परिसरातून हे बी आले, त्यालाही पनामातील पहिल्या विक्रमांतून काही मिळाले नाही. अलीकडे मात्र त्या भागातही या नावाने विक्री करणारे मळे उभे राहिले आहेत. कोलंबिया आणि कोस्टारिकातही गेशाची लागवड पसरली आहे. त्यामुळे पिशवीवर नुसते ‘गेशा’ लिहिलेले असणे ही आता दर्जाची हमी उरलेली नाही. कमी उंचीवर वाढवलेली आणि घाईने वाळवलेली गेशा आजही १९६०च्या दशकाइतकीच सामान्य लागते.

विक्रमी भावाचे चित्रही थोडे तपासून पाहण्याजोगे आहे. तो भाव केवळ २० किलोंचा आहे. मळ्यातील उरलेली गेशा त्याच्या लहानशा अंशाला विकली जाते, आणि मळ्यावर कातुआईसारख्या नेहमीच्या जातीही पिकतात. लिलावातील बोलीत कॉफीच्या मोलाबरोबर खरेदीदाराच्या प्रसिद्धीचेही मोल असते, हे उघड आहे. २०२५ मधला तो लॉट ‘वॉश्ड’ पद्धतीचा होता आणि दुबईतील एका कंपनीने तो ६,०४,०८० डॉलरना घेतला. भाजताना दाण्याचे वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते. म्हणजे त्या २० किलोंतून भाजलेली कॉफी साधारण १७ किलो मिळते आणि पेल्याला १५ ग्रॅम धरल्यास फार तर अकराशे पेले होतात. केवळ कच्च्या दाण्याचा खर्च पेल्यामागे पाचशे डॉलरहून अधिक पडतो.

ती करण्याची रीतही साधीच आहे. दाणे हलकेच भाजायचे, ऐनवेळी दळायचे आणि उकळी उतरलेल्या पाण्याची बारीक धार कागदी गाळणीतील पुडीवर सावकाश सोडायची. दूध, साखर आणि वर किसलेले जायफळ ही मराठी घरातली कॉफीची थाटाची रीत येथे मात्र बाजूला ठेवावी लागते. दूध पडताच ज्या सुगंधासाठी एवढा खटाटोप केला तोच झाकला जातो. पेला थोडा निवू दिल्यावर तो दरवळ अधिक स्पष्ट होतो. म्हणूनच परीक्षक पहिला घोट गरम असताना घेतात आणि गुण देण्यापूर्वी तीच कॉफी कोमट झाल्यावर पुन्हा चाखतात.