सूत किती आणि कशासाठी

वर्धा जिल्ह्यात कापसापासून कापड करण्याच्या दोन रीती शेजारी-शेजारी नांदल्या. हिंगणघाट आणि पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या उभ्या राहिल्या. पुढे गांधीजींच्या काळात वर्धा-सेवाग्राम परिसर खादीच्या विचाराचे केंद्र झाला. टप्पे दोन्हीकडे जवळपास तेच: सरकी काढा, पिंजा, पेळू करा, काता, विणा. नुसते टप्पे कागदावर मांडले तर फरक एवढाच दिसेल, की इकडे यंत्र आणि तिकडे हात. खरा फरक कळायचा तर प्रत्येक टप्प्यापुढे ‘हे कशासाठी?’ असे लिहावे लागते. माहिती-प्रणालींचे विश्लेषक आज हेच करतात. कामाच्या ओघाचे चित्र एक, उद्दिष्टांच्या उतरंडीचे दुसरे, आणि मग पहिल्यातली प्रत्येक पायरी दुसऱ्यातल्या कोणत्या हेतूला बांधली आहे याचा शोध. टोरांटोच्या एरिक यू यांच्या 1995 च्या प्रबंधासारख्या कामांनी उद्दिष्टांच्या चित्राला शिस्त आणली. पण ही दोन चित्रे जुळत नाहीत तेव्हा काय होते आणि काय करावे लागते, याचा धडा वर्ध्याने त्याआधी साठ वर्षे गिरवला होता, असे माझे म्हणणे आहे.

अखिल भारतीय चरखा संघ 1925 मध्ये पाटण्याला स्थापन झाला. खादी खपली पाहिजे, म्हणजे ती स्वस्त हवी, हा त्याचा व्यवहारी हिशेब होता. आणि स्वस्ताईचा सगळा भार कातणारीवर पडे. दिवसभर कातून तिच्या हाती जेमतेम एक-दोन आणे येत. गरिबाच्या पोटासाठी काढलेला धंदा गरिबाच्याच पोटावर चालला होता. गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे हे माप पुढे ठेवले. संघाने 1935 मध्ये निदान तीन आण्यांपर्यंत मजुरी नेण्याचे ठरवले. वरवर हा दरातला फेरफार वाटतो. पण दर वाढला तशी कामाची रीतही बदलावी लागली. चार फुटांची एक तार, अशा 640 तारांची एक गुंडी. ही गुंडी मोजून घेतली की पूर्वी व्यवहार संपे. आता सुताचा कस, समानता आणि अंक पाहणे भाग झाले, कारण कच्च्या सुताला चढी मजुरी देणे परवडणारे नव्हते. म्हणजे चांगले पेळू हवेत, त्याआधी पिंजण सुधारायला हवे, आणि ते शिकवायला माणूस हवा. वरचा एक हेतू हलला आणि तो थेट पिंजणाच्या तातीपर्यंत जाऊन पोचला.

यावर आक्षेप निघेल, की हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. गांधीजी नीतीचा विचार करत होते, आराखड्याचा नव्हे. चौकटी आणि बाण त्यांनी काढले नाहीत हे कबूल (काढले असते तर कार्यकर्ते त्यातच रमले असते). पण 1944 मध्ये सेवाग्रामला झालेली चरखा संघाच्या नवसंस्करणाची चर्चा पाहा. विक्रीसाठी खादी आणि गावाच्या स्वावलंबनासाठी खादी, हे दोन हेतू एकाच रीतीने साधणार नाहीत, हे तिथे स्पष्ट बोलले गेले. पुढच्याच वर्षी खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने देण्याची अट आली. दुकानाच्या गल्ल्यावरचा हा बदल पाहा: गिऱ्हाईक नुसते पैसे घेऊन आले तर भागत नाही, त्याने आधी काहीतरी कातलेले असावे. हेतू थेट व्यवहारात गुंफण्याचा याहून नेमका नमुना शोधावा लागेल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: अशा अटींनी गिऱ्हाईक बिचकते. ते बिचकणारच. मात्र विक्री हाच हेतू धरला तर ते अपयश. स्वावलंबन धरले तर तो ठरवून सोसलेला तोटा. कोणता हेतू वरचा, हे आधी ठरवल्याशिवाय ताळेबंद वाचताच येत नाही. स्वातंत्र्यानंतर खादीचे काम सरकारी मंडळाकडे आणि 1957 पासून आयोगाकडे गेले, गिऱ्हाइकाला रिबेट मिळू लागली, आणि उत्पादन, विक्री, रोजगार यांचे आकडे अहवालांत भरू लागले. पेळू, चरखा, गुंडी, माग हे सारे जागच्या जागी होते. सुताची अट तेवढी राहिली नव्हती.