रात्रपाळीला कोण असते?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा माणूस दुखणे हाताबाहेर गेले की वसमत, परभणी किंवा नांदेड गाठतो आणि पुष्कळदा खासगी नर्सिंग होममध्ये दाखल होतो. डॉक्टर कोण, मशीन कोणते, बिल किती होईल याची चौकशी होते. रात्री दोन वाजता पेशंटजवळ कोण असेल, तिचे शिक्षण काय झाले आहे, हे क्वचितच कोणी विचारते. याचा दोष लोकांच्या स्वभावाला देणे अन्यायाचे होईल. या भागात शिकलेली परिचारिका इतकी उशिरा आणि इतक्या तुटपुंज्या संख्येने आली, की तिच्यावाचून भागवायची सवय दवाखान्यांनाही लागली आणि घरच्यांनाही.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात ससून रुग्णालयात बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, म्हणून प्रतिष्ठित घरांनी नाके मुरडली, तरी काम चालू राहिले. पुढे १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १९४९ मध्ये नर्सिंग होमच्या नोंदणीचा. रुग्णांच्या शुश्रूषेसाठी शिकलेल्या परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, तर नोंदणी नाकारता येईल, अशी तरतूद या दुसऱ्या कायद्यात आहे. म्हणजे शुश्रूषेचा दर्जा कशावर ठरतो, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही कळत होते. पण हट्टा तेव्हा हैदराबाद राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली, तरी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १९५६ मध्ये. शिक्षण, नोंदणी आणि तपासणी ही साखळी पुण्या-मुंबईकडे कडीकडीने जुळत होती, तेव्हा हा मुलूख तिच्या बाहेर होता. आणि खुद्द ब्रिटिश हिंदुस्थानची स्थिती तरी काय होती? आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे रोग्याजवळ घरचे माणूस असतेच, मग एवढ्या सिस्टर कशाला? घरच्यांची माया मोलाची आहे, पण तिला शुश्रूषेचे शास्त्र समजू नये. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, माकडहाड आणि टाचांजवळची कातडी लाल झाली का ते पाहावे लागते, लघवी किती झाली ते मोजून लिहावे लागते. दिवसभर रानात राबून आलेला मुलगा सलाईनच्या बाटलीकडे डोळे लावून बसतो आणि संपत आली की हाक मारत धावतो. पण हाताला सूज चढली आहे, श्वास वाढला आहे, याचा अर्थ त्याला कोणी शिकवलेला नसतो. पाठीची जखम हाडापर्यंत गेल्यावर ती भरायला महिने लागतात, आणि ते बिलही त्याच कुटुंबाला भरावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियम कडक केले तर दहा खाटांची छोटी नर्सिंग होम बंद पडतील, कारण शिकलेल्या मुली तालुक्याच्या गावी थांबत नाहीत, पुण्या-मुंबईला किंवा आखातात जातात. जातात हे खरेच आहे. पण सरकारी आरोग्यव्यवस्थेने सपाट मुलखात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हे सूत्र धरले आणि तिथे एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, नेमली. रिक्त जागा आणि कंत्राटी नेमणुकांचे दुखणे तिथेही आहे, तरीही लसीकरणाच्या दिवशी खेड्यात सिस्टर येते. ठरलेला पगार, ठरलेले काम आणि रोजचे रजिस्टर मिळाले तर शिकलेली बाई गावात काम करते, याचा हा पुरावा आहे. खासगी दवाखान्यात यातले बरेच नसते. शिकलेल्या सिस्टरऐवजी कमी पगारावर मदतनीस मुलगी ठेवली जाते आणि ती इंजेक्शन द्यायला तिथेच, पेशंटवरच शिकते. त्या मुलीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिला जीएनएम या परिचारिका-पदविकेच्या शिक्षणाला पाठवून परत कामावर घेणे छोट्या दवाखान्यालाही जमण्यासारखे आहे, दोन-तीन दवाखान्यांनी मिळून खर्च उचलला तर अधिकच.

२०२१ मध्ये राज्याने नर्सिंग होमचे नियम सुधारले, तेव्हा रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आले. त्याच भिंतीवर चालू पाळीतल्या सिस्टरचे नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक लिहायला एक फळा पुरेल, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने तो दिवसा नव्हे, रात्री येऊन वाचावा.