डोळ्याचें जनुक आणि त्याचा शेजारी

१९६४ सालीं अमेरिकेंत मिलर, फ्रॉमेनी व मॅनिंग या संशोधकांनीं मूत्रपिंडांत विल्म्सची गांठ म्हणून ओळखला जाणारा कर्करोग झालेल्या ४४० बालकांचीं टिपणें तपासलीं. त्यांपैकीं ६ बालकांच्या डोळ्यांत बाहुलीभोंवतींचा रंगीत पडदा जन्मतःच नव्हता. वैद्यकांत या व्यंगास ‘अनिरिडिया’ म्हणतात. पन्नास-साठ हजार मुलांत तें एखाद्यासच असावयाचें. मग चारशें चाळीसांत सहा कशीं? डोळ्याचें आणि मूत्रपिंडाचें नातें तें काय?

नातें शेजाराचें निघालें. १९७८ सालीं रिकार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं अशा बालकांच्या अकराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडाच गळालेला असतो. त्या तुकड्यावर दोन जनुकें जवळजवळ वसलेलीं. एक मूत्रपिंडाच्या घडणीचें, दुसरें डोळ्याच्या. घर खचलें म्हणजे त्यांतील दोन्ही बिऱ्हाडें जावयाचीं, तसाच हा प्रकार. १९९१ सालीं ह्यूस्टनच्या संशोधकांनीं डोळ्याचें जनुक वेगळें काढलें; त्याच वर्षीं एडिंबरा येथें रॉबर्ट हिल, व्हेरॉनिका व्हॅन हेनिंगेन प्रभृतींना तेंच बारीक डोळ्यांच्या उंदरांत बिघडलेलें आढळलें. त्याचें नांव पॅक्स-६. मातेकडून एक व पित्याकडून एक अशा त्याच्या दोन प्रती प्रत्येकास मिळतात. एक निकामी झाली तरी डोळा अपुरा राहतो.

खरी गंमत केली ती माशीनें. डोळे नसलेल्या फळमाशीचें वर्णन मिल्ड्रेड होग या विदुषीनें १९१५ सालींच केलें होतें. बासेल येथील वाल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेंत १९९४ सालीं दिसून आलें, कीं त्या माशीचें बिघडलेलें जनुक म्हणजे पॅक्स-६चेंच भावंड. पुढल्या वर्षीं तेथें उंदराचें जनुक माशीच्या पायांत जागृत करण्यांत आलें, तों पायावर डोळा उगवला. आणि तो उंदराचा नव्हे, माशीचाच!

असें मूल ज्या घरीं जन्मतें, तेथें प्रश्न निराळा असतो. आईबापांपैकीं कोणास हें व्यंग असल्यास बहुधा डोळ्याचेंच जनुक बिघडलेलें असतें. कुळांत कोणासहि नसतां तें उद्भवलें, तर तुकडा गळाल्याचा संशय धरून रक्त तपासावें लागतें. तुकडा शाबूत असला, तर मूत्रपिंडाची चिंता मिटते. नसला, तर बालपणाचीं कित्येक वर्षें दर तीन महिन्यांनीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें पोट तपासतात. गांठ लहान असतांच हातीं लागली, तर मूल बहुधा वाचतें. दृष्टीचें काम इतकें सोपें नाहीं. दृष्टिपटलाचा मध्य आईच्या पोटांतच अपुरा घडलेला असतो, आणि पॅक्स-६चा शोध लागून तीस वर्षें उलटलीं तरी तो मागाहून घडवितां आलेला नाहीं.