चाचांच्या घड्याळातले वार

आमच्या कोकणातली माणसं आखातात गेली, आणि परतताना अनेकांच्या मनगटावर सिको घड्याळ असे. वार आणि तारीख एकाच खिडकीत दाखवणारं ‘सिको ५’ जपानमध्ये १९६३ साली निघालं. माझे चाचा कुवेतहून आले ते असंच घड्याळ घालून. त्यात वार इंग्रजीत होते आणि अरबीतही. चाचांनी अरबी लावून ठेवले होते. तिथली सुट्टी शुक्रवारची. खिडकीत ‘जुमा’ आला की घरी पत्र लिहायचा दिवस आला.

अरबीत बहुतेक वार नुसते मोजलेले असतात. रविवार पहिला, सोमवार दुसरा, असं गुरुवारी पाचवर येऊन मोजणी थांबते. मग जुमा आणि सब्त.

एकदा रात्री अकराच्या सुमारास चाचांनी वार पुढे घ्यायला चावी फिरवली. अशा घड्याळात रात्री नऊ ते पहाटे चार वार बदलू नये, कारण आतलं बोट तेव्हा चकतीच्या दात्यांत शिरलेलं असतं. दाता तुटला.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं, काटे काढले, डायल उचललं. वाराची चकती मधोमध एका बारीक कडीने धरलेली होती. तिच्यावर सात नव्हे, १४ नावं, एक या भाषेतलं, एक त्या. रोज रात्री ती दोन घरं सरकते, म्हणून मध्ये थोडा वेळ परकी भाषा डोकावून जाते. बदली चकती कुठलीही चालत नाही. चावी तीनच्या आकड्यापाशी असलेल्या घड्याळाची चकती चावी चारपाशी असलेल्या घड्याळात बसवली, तर अक्षरं तिरपी दिसतात. त्यांच्या डबीत नेमकी बसणारी एकच निघाली, इंग्रजी आणि स्पॅनिश.

चाचा नाराज झाले. “हे लुन, मार काय आहे?”

मला तेव्हा सांगता आलं नाही. ‘लुनेस’ हा चंद्राचा वार, म्हणजे आपला सोमवारच. ‘मार्तेस’ मंगळाचा, ‘मिएर्कोलेस’ बुधाचा, ‘हुएवेस’ गुरूचा, ‘विएर्नेस’ शुक्राचा. ग्रहांची ही नावं रोमन जगात रुळली, आणि तिकडच्या ज्योतिषाबरोबर आपल्याकडेही आली. मध्य प्रदेशात एरण इथे बुधगुप्ताच्या काळातला स्तंभलेख आहे, इ. स. ४८४ चा. त्यात तिथीबरोबर सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, नोंदलेला आहे. भारतातल्या वाराच्या अगदी जुन्या पक्क्या नोंदींपैकी ही एक. तेव्हा चाचांना परकी वाटलेली चकती आमच्या गावच्या बाजारवाराची दूरची नातेवाईकच होती. फक्त रविवार तिथे प्रभूचा झाला, आणि शनिवारी शनी नाही, ‘साबादो’ आहे.

तो ‘साब’ चाचांनीच शोधला. शनिवारी चावी फिरवता फिरवता थांबले आणि म्हणाले, “सब्त तर राहिला की रे!”

जुनी चकती त्यांनी कागदात गुंडाळून पासपोर्टच्या पिशवीत ठेवली होती.